नानांच्या माशीचा दोरा

माझ्या सासऱ्यांच्या माशीसाठी दोरा निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. काम जाणत्या माणसाकडे गेलं, असं जो तो म्हणत होता. सगळ्यात मोठ्यांदा मी म्हणत होते.

त्याला कारणही होतं. लालबाग सोडून मीरा रोडला राहायला आल्यापासून मी घरी ब्लाऊज शिवत होते आणि साड्यांना फॉल-बिडिंग करत होते. गॅलरीच्या ग्रिलला तशी पाटी होती. मॅचिंगच्या बाबतीत तर आमच्या अख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये माझा शब्द शेवटचा! बायका रीळ घेऊन यायच्या, "वहिनी, हा दोरा चालेल का हो?" मी रीळ खिडकीतल्या उजेडात धरायची, एक डोळा बारीक करायची आणि म्हणायची, "अर्धा शेड डार्क आहे." (अर्धा शेड म्हणजे नेमकं किती, ते मलाही माहीत नव्हतं. पण बायका निमूटपणे दुकानात परत जायच्या.) एवढं झाल्यावर माणसाच्या डोक्यात हवा जाणार नाही तर काय होणार?

आता ही माशी काय भानगड आहे ते सांगते. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, जन्मभर केरळात डोंगरावरच्या एका चहाच्या मळ्यात नोकरीला होते. तिथे थंड पाण्याचे तलाव, तलावात ट्राउट मासे, आणि नानांना त्या माशांचं वेड. बरं, गांडूळ लावून मासे पकडणं नानांना मंजूर नव्हतं. "ते काय, कोणीही पकडेल," म्हणायचे. नाना गळाला पिसं आणि लोकर दोऱ्यानं गुंडाळून खोटी माशी बनवायचे. ती पाण्यावर अलगद टाकायची. खरी समजून मासा वर येतो आणि फसतो. ऑफिसातले त्यांचे दोस्त मेनन आणि नाना दोघेही यात पटाईत, आणि कोण जास्त पटाईत यावरून दोघांची उभ्या जन्माची चुरस.

रिटायर झाल्यावर नाना आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे आले. आई रमल्या. नाना नाही रमले. आमच्या गॅलरीतून समोर दिसते ती दुसऱ्या बिल्डिंगची गॅलरी, आणि तिथे वाळत घातलेले कोणाचे तरी बनियन. नाना सकाळपासून तिकडे बघत बसायचे. हळूहळू बोलणंच कमी झालं. "नाना, चहा?" "हूं." "नाना, फिरून येता?" "हूं." म्हणजे चहाला हो आणि फिरण्याला नाही, हे आपण समजून घ्यायचं. मला फार वाईट वाटायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून, अगदी सुट्टीपुरते भेटले तरी, 'सूनबाई, दमलीस, बस जरा' असं म्हणणारा हा एकच माणूस होता. आता तोही गप्प झाला होता.

अशात एक दिवस मेननकाकांचा फोन आला. मळ्यातली जुनी मंडळी तलावावर जमणार होती, चार दिवस राहून मासे पकडणार होती. मेननकाका म्हणाले, "या वर्षी यायलाच पाहिजे. पुढच्या वर्षी आपल्यापैकी कोणाचे गुडघे तो डोंगर चढतील, देव जाणे." नानांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून चक्क एक पूर्ण वाक्य बोलले. "मी जाणार आहे." आई तर हातातलं लाटणं घेऊन बाहेर आल्या.

नानांनी लगेच माळ्यावरून गळाच्या काठीची लांब नळी काढली, तिच्यामागून माशांचा डबा काढला, उघडला... आणि आत होता भुसा! कसर लागली होती. जन्मभर बांधलेल्या सगळ्या माशा किड्यांनी खाऊन टाकल्या होत्या. एक कोपऱ्यातली तेवढी शाबूत होती, शेवाळी रंगाची. सुदैवानं पिसांची पेटी वेगळी होती, तिच्यात डांबरगोळ्या होत्या, म्हणून पिसं वाचली. पण माशी बांधायचा दोरा, जो कोणा गोऱ्या साहेबानं जाताना नानांना दिला होता, तो कुजून गेला होता. ओढला की तुटत होता. नाना डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "दोराच हवाय ना? नाना, तुम्ही पिसं निवडा. दोरा माझ्यावर सोडा!"

नानांनी वर पाहिलं. "केसासारखा बारीक हवा. पण ओढला तर तुटता कामा नये. चमक नको. रंग कोणताही चालेल, तो पिसांखाली जातो, दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे—"

मुख्य म्हणजे काय, ते मी ऐकलंच नाही. 'रंग कोणताही चालेल' हे वाक्य माझ्या कानात शिरलं आणि तिथेच अडकलं. कोणताही? माझ्या घरात? उद्या बायका काय म्हणतील?

मी ती उरलेली एकुलती एक माशी रुमालात बांधली आणि स्टेशनजवळच्या भरतभाईंच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. लग्नसराईचे दिवस, दुकानात ही गर्दी! मी बायकांमधून वाट काढत काउंटरवर पोचले आणि रुमाल सोडला.

"भरतभाई, इसका मॅचिंग धागा दिखाओ. बारीकवाला."

भरतभाईंनी चष्मा वर केला. "भाभी, आ शुं छे? मरेली माखी?"

"माखी नहीं है. मछली पकडने का है."

भरतभाईंचा हात जो मागे गेला तो पुन्हा काउंटरवर आला नाही. त्यांनी फूटपट्टीच्या टोकानं रुमाल हळूच माझ्याकडे सरकवला. "भाभी, तमे मारा घरना माणस छो. पण माछली मारी दुकानमां?"

"अहो, मछली नहीं, सिर्फ उसका खाना!" मी म्हटलं. त्यानं काही फरक पडला नाही. शेवटी त्यांनी शेवाळी रंगाची रिळं लांबूनच माझ्यापुढे ओतली आणि मी निवडायला लागले. दुकानातला ट्यूबलाइटचा उजेड काही खरा नसतो, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून एका हातात रीळ आणि दुसऱ्या हातात माशी घेऊन मी दाराकडे वळले. दारातून एक बाई मुलीच्या शालूला फॉल घ्यायला आत येत होत्या. शालू त्यांच्या हातावर होता. मी गर्रकन वळले, आणि गळ शालूत!

"अगं बाई! काय घुसलं हे?"

"हलू नका! अजिबात हलू नका!"

"मी हलत नाहीये, तुम्हीच ओढताय!"

गळाचं टोक उलटं असतं. आत जातं, बाहेर येत नाही. (मासा सुटू नये म्हणून ही सोय. शालूच्या बाबतीत ही सोय फारच उत्तम चालते.) मी ओढत होते, त्या बाई ओढत होत्या, तिसऱ्या एका बाईंनी ओळखदेख नसताना मदतीला हात घातला आणि त्यांची ओढणीही अडकली. भरतभाई काउंटरच्या मागून हात जोडून सगळ्यांना शांत राहायला सांगत होते. शेवटी कात्रीनं एकेक धागा कापून गळ सोडवला. शालू बचावला, कारण अडकला होता तो आतल्या भागात, निऱ्यांत जाणारा. त्याचा रफू मी जागेवर करून दिला आणि दोरा इतका मॅच केला की त्या बाई नंतर माझ्या गिऱ्हाईक झाल्या. पण त्या झटापटीत माशीची सगळी पिसं निघून गेली होती. घरी जाऊन मी नानांच्या हातावर एक नागडा गळ ठेवला.

"ही शेवटची होती," नाना म्हणाले.

"पण दोरा अगदी तंतोतंत मिळालाय!" मी म्हटलं.

तो दोरा सुती होता. नानांनी माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाला एक छोटा शिकंजा लावला, त्यात गळ पकडला आणि बांधायला बसले. थोडी पिसं, चार वेढे; आणखी पिसं, चार वेढे. प्रत्येक वेढ्यागणिक माशी जाडी होत गेली. शेवटी शिकंज्यात जो काही प्राणी बसला होता, त्याला माशी म्हणणं कठीण होतं. आई लांबून म्हणाल्या, "भुंगा चांगला झालाय हो!" नानांनी तो सोडवून बाजूला ठेवला. "हा बघून मासा तलाव सोडून जाईल," एवढंच म्हणाले. पण बोलले, म्हणून मला हुरूप आला.

नया नगरात माझी एक गिऱ्हाईक राहायची, तिच्या घरी जरीकाम व्हायचं. मी तिच्याकडून रेशीम आणलं. केसासारखं बारीक, रंग शेवाळी, आणि शेड अशी की मी एक डोळा बारीक करून बघितलं, मग दुसरा केला, खोट निघेना! नानांनी त्या रेशमानं जी माशी बांधली, ती इतकी सुरेख होती की मी चुकून तिला हाकलायला हात उचलला.

"आता पाण्यात बघू," नाना म्हणाले आणि मोरीतल्या बादलीत त्यांनी माशी सोडली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे तेव्हा पाणी दिवसाआड यायचं. म्हणजे ज्या दिवशी यायचं असायचं, त्या दिवशी यायचंच असंही नव्हतं. त्यामुळे घरातल्या प्रत्येक बादलीला मालक होता. ही बादली आईंची होती. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या बादलीतलं पाणी आधी फिकट हिरवं, मग गर्द हिरवं झालं. रेशमाचा रंग कच्चा होता!

"ही माझी आंघोळ आहे!" आई ओरडल्या.

"जरासा रंग आहे हो, त्यानं काय होतंय..."

"जरासा? तू कर या पाण्यानं आंघोळ! पोपट होऊन बाहेर येशील!" आणि मोरीच्या दारात उभं राहून त्यांनी निकाल दिला. "यापुढे या घरात पाण्यात माशी बुडवायची नाही. इथे माणसं राहतात, मासे नाहीत." आईंच्या निकालावर आमच्या घरात अपील नसतं. नानांनी ओली माशी कागदावर ठेवली. वाळल्यावर ती राखाडी झाली होती आणि रेशीम सैल पडलं होतं.

जायचा दिवस जवळ येत चालला होता. तिकिटं आली होती. नानांसोबत आमचे हेही जाणार होते, त्यांनी ऑफिसात रजा टाकली होती. आणि माशी एकही तयार नव्हती. मी रात्रंदिवस दोरेच बघत होते. रस्त्यात कोणाचा काही धागा लोंबताना दिसला तरी मी तो ओढून बघायची. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या कॉलरचा ओढला. त्यानं मागे वळून बघितलं, मी वर पंख्याकडे बघितलं.

शेवटी कोणीतरी सुचवलं की पाटीलकाकांना विचार. पाटीलकाका आमच्या सोसायटीचे चेअरमन, मूळचे पेणकरपाड्याचे. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे, तिथे त्यांची भातशेती होती आणि पलीकडे मिठागर. खाडीतली मासेमारी तर लहानपणापासूनची. मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे दोरा माशीला पायजे?"

"हो."

"आन माशी माशाला पायजे?"

"हो, काका."

"अगो, मंग तू माशाला कापडं शिवतंस का काय?" असं म्हणून ते जे हसायला लागले, ते वॉचमन पळत येईपर्यंत थांबले नाहीत. मग डोळे पुसत त्यांनी कपाटातून एक गुंडी काढून दिली. "ह्यो तंगूस घे. खाडीतला जिताडा मासा लागला तरी तुटाचा न्हाय. शेवाली-बिवाली काय न्हाय त्यान. माशाला कुठं साडी नेसाची हाय!"

तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. तुटत नव्हतीच. पण गाठही बसत नव्हती! नाना वेढे द्यायचे, गाठ मारायचे, हात काढायचे, आणि तंगूस सुर्रकन सुटून पिसं अख्ख्या हॉलभर उडवायचा. संध्याकाळी दिवा लावताना आईंना देवाच्या फोटोवर एक पीस सापडलं आणि मग जे काही बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात भर म्हणजे पाटीलकाकांनी ही गोष्ट मीटिंगला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, गेटवर, भाजीवाल्याकडे जो भेटेल तो विचारायचा, "वहिनी, आमच्याकडे दोन डास आहेत, त्यांना पिको करून मिळेल का?" एका बाईंनी तर आपली साडी दुसरीकडे टाकली. का, तर म्हणे तुम्ही सध्या बिझी असाल!

मी ठरवलं, यापुढे दोरा कशाला हवाय, हे कोणालाही सांगायचं नाही. माझ्या आयुष्यातले जे काही मोजके ठाम निर्णय आहेत, त्यांत हा सगळ्यात वाईट.

जवळच हाटकेशला तेव्हा छोट्या-छोट्या गाळ्यांत मशीनवर लेस बनवायचे. ब्लाऊजना लावायची लेस मी तिथूनच आणायची. त्या दिवशी तशीच गेले होते. मशीनच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचे कोन रचून ठेवलेले दिसले. सवयीनं एक टोक धरलं. बारीक. अगदी केसासारखा! ओढला. तुटेना. अजून ओढला. तुटेना! उजेडात धरला. चमक नाही.

"भैया, ये धागा चाहिए."

तिथला मॅनेजर म्हणाला, "किस काम के लिए?"

झालं! पुन्हा तोच प्रश्न. मला पाटीलकाकांचं हसणं ऐकू यायला लागलं. मी मान ताठ केली. "फॅन्सी काम है."

"अच्छा, फॅन्सी काम! फिर तो यही लगेगा. सब यही ले जाते हैं," तो म्हणाला आणि त्यानं अख्खा कोन पिशवीत टाकून दिला. मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरून होते.

नानांनी दोरा हातात घेतला. चुटकीत धरला. ओढला. नखावर गुंडाळून बघितला. आणि म्हणाले, "सूनबाई! हा दोरा!" त्यांचे डोळे चमकत होते. मला एवढंच खटकत होतं की दोरा पांढरा होता. "नाना, शेवाळी करून देऊ का रंगवून?" "अगं, रंग कोणताही चालतो." बरं तर बरं. जन्मात पहिल्यांदा मी रंगाबाबत तडजोड केली आणि म्हातारपणी आपण किती समजूतदार होणार आहोत, याचं मला कौतुक वाटलं. (रंगवायला तो पाण्यात टाकला असता, तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती!)

मग आमच्या घरात जो काही आनंद आला म्हणता! नाना सकाळी उठून मशीनच्या टेबलाशी बसायचे. तपकिरी माशा, काळ्या माशा, शेवाळी माशा. शेवटच्या गाठीवर लावायला व्हार्निश नव्हतं, तर मी माझं गुलाबी नेलपॉलिश दिलं. प्रत्येक माशीच्या डोक्यावर एक थेंब. नाना बोलायला लागले. जेवताना बोलायचे, चहा पिताना बोलायचे. मेनन काठी कशी चुकीची धरतो ते आमटीच्या डावानं करून दाखवायचे. आई कुरकुरायच्या, "आधी बोलत नव्हते तेच बरं होतं," आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा नाना माशी हातात घेऊन मोरीच्या दाराशी गेले होते. पण त्या आठवड्यात पाइपलाइन फुटली होती, टँकरचीही वाट बघत होतो. उरलेल्या एका बादलीशेजारी आई पाट मांडून बसल्या होत्या. नानांनी बादलीकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाना, दोरा मी बघितलाय," मी म्हटलं.

नाना आणि हे निघाले तेव्हा पाटीलकाकाही गेटवर आले होते. "नाना, येतांना एक मासा तरी आना वो!" नाना म्हणाले, "मेनन शिल्लक ठेवेल ते बघू." आणि हसले.

पहिल्या दिवशी ह्यांचा फोन आला, पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आला. आवाज जरा दबका होता.

"ऐक, एक विचारायचं होतं. तो दोरा कसला होता?"

"का? तुटला?"

"तुटला नाही."

"मग?"

"नाहीये."

"हरवला? अहो, बॅगेत वरच्या कप्प्यात—"

"हरवला नाही गं. गळाला होता. पाण्यात गेला. आता नाहीये. विरघळला."

आई बाजूला उभ्या राहून विचारत होत्या, "काय गं? मासा मिळाला का? केवढा होता?" मी हातानं त्यांना थांबवत होते आणि त्या हाताचा अर्थ 'एवढा' असा घेऊन त्या देवासमोर साखर ठेवायला गेल्या.

मग ह्यांनी सगळं सांगितलं. सकाळी सगळी म्हातारी मंडळी काठावर बसली होती. नानांनी काठी फिरवली. माशी पाण्यावर अशी उतरली की सगळे 'वा!' म्हणाले. मासा वर आला. नानांनी झटका दिला. गळ बाहेर आला, त्यावर फक्त नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका! नानांना वाटलं, गाठ चुकली. दुसरी लावली. तिचंही तेच. तिसरी, चौथी... पाण्यावर लोकर आणि पिसं पसरत चालली. त्या भानगडीत तलावातले होते नव्हते तेवढे मासे नानांसमोर जमा झाले, आणि बाजूच्याच दगडावर मेननकाका बसले होते. त्यांच्या माशा शाबूत होत्या.

"मेननकाकांना किती मिळाले?" मी कसंबसं विचारलं.

"अजून काढतायत."

"आणि नाना? नाना काय म्हणतायत?"

"काही नाही."

"'हूं' तरी?"

"'हूं' पण नाही."

मी तशीच उठून हाटकेशला गेले. मॅनेजरला म्हटलं, तुमचा धागा पाण्यात विरघळला! तो म्हणाला, "हाँ भाभी, घुलने के लिए ही तो बनता है! लेस इसी के ऊपर कढती है. धो दिया तो नीचे का सब गल जाता है, लेस रह जाती है. आपने ही तो बोला, फॅन्सी काम." सबंध मीरा-भाईंदरमध्ये पाण्यात न टिकणारा एकच दोरा असेल, आणि तो मी छातीशी धरून रिक्षानं घरी आणला होता!

नाना परत आले त्या दिवशी मी पुरणपोळी केली होती. ते जेवले. हात धुतले. मग स्टूल घेऊन काठीची नळी माळ्यावर अगदी आत ढकलली आणि गॅलरीत जाऊन समोरच्या बनियनकडे बघत बसले. मी ओट्याशी उभी राहून रडले. डोळे पुसून बाहेर गेले आणि म्हटलं, "नाना, माझं चुकलं."

नानांनी बनियनवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. दोरा चांगलाच होता. कोरड्यात."

यापेक्षा त्यांनी मला रागवायला हवं होतं. मी शिवणकाम बंद करायचाही विचार केला. घरात पुन्हा शांतता पसरली आणि ही शांतता मी आणली होती, त्यामुळे ती मला सहन होत नव्हती. मग एका रविवारी मेननकाकांचा फोन आला. नाना कानाला रिसीव्हर लावून ऐकत होते. आधी त्यांचे कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. फोन आपटून ते उठले.

"समजतो काय स्वतःला! म्हणे, माशांचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय! अरे, जेवायला बोलावलं मी, पंगत मांडली मी, आणि हा आयता..." नाना हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. "पुढच्या वर्षी जाणार. गुडघे नाही चालले तर खुर्चीत बसून जाणार! कुठे आहे ते स्टूल?"

नळी पुन्हा खाली आली. मला इतका आनंद झाला की मी भान विसरून म्हटलं, "नाना, या वेळी दोरा—"

"दोऱ्याचं नाव काढायचं नाही!" नाना गरजले. नवीन दोरा निवडायचं काम त्यांनी आईंकडे दिलं, ज्यांना सुई दिसायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला मी लागते.

आता तर माझा त्या विषयाशी काही संबंधच उरलेला नाही. फक्त एकदा, नाना खाली पाटीलकाकांशी मेननकाकांबद्दल तावातावानं बोलत असताना घरी फोन वाजला. मी घेतला.

"बेटी, नाना है?" मेननकाकांचा आवाज. अगदी हळू.

"नहीं काका, नीचे गये हैं."

"अच्छा है. सुनो. तीस साल में मुझे इतना मछली कभी नहीं मिला. अगले साल भी नाना का धागा तुम ही लाना. चुपके से." मग जरा थांबून, फार मायेनं, "तुम्हारा तबियत कैसा है? शुगर, बीपी सब चेक कराया? बहुत सँभालके रहना, बेटी."

माझ्या तब्येतीची एवढी काळजी आजवर माझ्या माहेरच्यांनीसुद्धा केलेली नाही.